तारीख नसलेला राजीनामा

१८ जानेवारी

आदरणीय मामा,

सप्रेम जय भीम.

भाचीचं पत्र आलं म्हणजे कुणी गेलं की काय, असं मनात आणू नका. सगळे जिवंत आहेत आणि दोन्ही वेळा पनीर खात आहेत. मला तर आता पनीर बघूनच मळमळतं.

मी रांजणघाटची नगरसेविका झाले हे तुम्ही पेपरात वाचलं असेल. अभिनंदनाचा शब्द तुम्ही पाठवला नाहीत. तुमचा स्वभाव माहीत आहे, त्यामुळे शिव्या पाठवल्या नाहीत हेच मी अभिनंदन धरलं.

निकाल लागला आणि आमचे गटनेते अतुलभाऊ यांनी आम्हाला ‘देवदर्शनाला’ म्हणून दोन गाड्यांत बसवलं. देव कुठला ते सांगितलं नाही. अहिल्यानगर मागं पडलं तेव्हा भाऊंचा पुतण्या प्रणय यानं एक कापडी पिशवी फिरवली आणि सगळ्यांचे मोबाईल तिच्यात टाकून घेतले. मग आम्हाला डोंगरातल्या एका रिसॉर्टात आणून ठेवलं. नगरपंचायतीत सतरा नगरसेवक, त्यातले भाऊंसकट नऊ इथं. नऊ ज्याच्याकडे त्याचा नगराध्यक्ष, म्हणून निवडीच्या दिवसापर्यंत आम्हाला कुणाच्या नजरेला पडू द्यायचं नाही असा बंदोबस्त आहे. गेटावर दोन पोरं बसवली आहेत. पोहायचा तलाव आहे, त्यात कुणी उतरत नाही. आमच्यातला तरुण नगरसेवक सत्यम पाय बुडवून बसला, सेल्फीसाठी खिशात हात घातला आणि तसाच उठून खोलीत गेला.

भाऊंचा ड्रायव्हर गयास मधूनमधून गावाकडे जातो, कुणाच्या बीपीच्या गोळ्या, कुणाचे कपडे आणायला. क्रांती चौकात तुमच्या ओळखीच्या मेडिकलवर पत्र ठेवीन म्हणालाय. तुम्हाला फोन करून तसाही उपयोग नसतो. कमी ऐकू येतं म्हणून तुम्ही नुसतं ‘हॅलो’ म्हणता आणि मामी ऐकते.

एक विचारायचं होतं. नगराध्यक्ष नेमकं करतो काय? इथं त्यासाठी नऊ माणसं कोंडली आहेत आणि कुणालाच धड सांगता येत नाही. वासिफभाई म्हणाले, “झेंडा फडकाता ना.” निशाताई म्हणाल्या, “गाडी असती की.” तुम्ही जन्मभर त्याच कचेरीत मुख्य लिपिक होतात, म्हणून विचारते.

तुमची,
रत्नमाला


२० जानेवारी
क्रांती चौक, संभाजीनगर

चि. रत्नमाला,

जय भीम. तुझं पत्र खोकल्याच्या औषधाबरोबर मिळालं आणि खोकला वाढला.

नगराध्यक्ष करतो काय, हे तू निवडून आल्यावर विचारतेस. यावरून तू त्या वर्तुळात शोभून दिसशील असं वाटतं.

आता ऐक. रांजणघाटला आधी सरपंच होते. निजामाची राजवट गेल्यावर जे पहिले सरपंच झाले, त्यांनी पंचायतीसाठी भिंतीवरचं घड्याळ आणलं आणि त्याला किल्ली द्यायचा अधिकार स्वतःकडे ठेवला. ते परगावी लग्नाला गेले की पंचायतीत वेळ थांबायची. त्यांच्यानंतरच्यांनी घड्याळ उतरवून तिथं स्वतःचा फोटो लावला. पुढं जो आला त्यानं आधीच्यापेक्षा मोठा फोटो लावला, आणि गावाच्या इतिहासात एवढीच एक गोष्ट वाढत गेली. मग गावाची नगरपंचायत झाली. पेंटर आला, पाटी बदलली, सरपंचाचा नगराध्यक्ष झाला, ग्रामसेवकाच्या खुर्चीवर मुख्याधिकारी बसला आणि नाल्या जिथं तुंबत होत्या तिथंच तुंबत राहिल्या.

कायद्यात लिहिलंय की नगराध्यक्ष सभा चालवतो, कारभारावर देखरेख करतो, आणि मतं समसमान पडली तर त्याचं मत निर्णायक. मी पाहिलं ते वेगळं. सभा नाश्त्यासाठी भरायची, देखरेख ठेकेदार करायचा, आणि समसमान मतं कधी पडली नाहीत, कारण ठराव आदल्या दिवशी ढाब्यावर झालेला असायचा.

बसस्टँडजवळच्या बायकांच्या मुतारीचं भूमिपूजन माझ्या नोकरीत तीन वेळा झालं. तिन्ही वेळा नारळ फुटला, तीन कोनशिला बसल्या. बाजारच्या दिवशी दौलताबादकडून पेरूच्या पाट्या घेऊन येणाऱ्या बाया त्या कोनशिलांच्या आडोशाला बसतात. या पदाचा जनतेला झालेला थेट फायदा म्हणून मला एवढाच सांगता येतो.

तू शिवणाचे क्लास घेत होतीस ते काय वाईट होतं? माणसं एकमेकांवर पहारा करायला एका जागी बांधून ठेवतात, त्याला आमच्याकडे कोंडवाडा म्हणायचे. त्यात गुरं असायची, पण ती निदान स्वतःहून जात नसत. निघून ये.

कडुबामामा


२३ जानेवारी

आदरणीय मामा,

निघून ये म्हणणं क्रांती चौकात बसून सोपं आहे. त्या कोनशिलांच्या आडोशाला मीही बसलेली आहे. लुगडं सावरत, रस्त्याकडे बघत, कुणी येतंय का म्हणून. तेव्हाच ठरवलं होतं की उभं राहायचं. तुम्ही ज्याला विनोद म्हणता त्याची मला चीड आहे. अतुलभाऊंनी शब्द दिलाय की सत्ता आली तर पहिलं काम ते. त्यांच्या शब्दाचं वजन मलाही कळतं, पण समोरच्या गटानं तर शब्दसुद्धा दिला नाही.

इथं एक मजा चालली आहे. पहिले दोन दिवस माणसं खिसे चाचपत फिरली. नंतर करायला काहीच उरलं नाही तेव्हा एकमेकांशी बोलायला लागली. आधी जावयांचं, मग गुडघ्यांचं, मग खरं. आणि माझ्याशी तर जरा जास्तच बोलतात. मी पहिल्यांदा निवडून आलेली, मागं पैसा नाही, भाऊबंद नाहीत, मला कुणी गणतीत धरत नाही. मी निशाताईंच्या ब्लाऊजची उसवलेली बाही शिवत बसते आणि माणसं येऊन मन मोकळं करून जातात. काय सांगतात ते कागदावर लिहिण्यासारखं नाही.

भाऊ एकेकाला आपल्या खोलीत बोलावतात. पाठीवर हात ठेवतात, हळू आवाजात बोलतात. बाहेर येणारा जाताना होता त्यापेक्षा ताठ चालतो. मला अजून बोलावलेलं नाही.

मामीला नमस्कार.

रत्नमाला


२५ जानेवारी

चि. रत्नमाला,

आजचा पेपर तुम्हा देवदर्शनवाल्यांना मिळतो की नाही, ठाऊक नाही. मुंबईत सोडत निघाली. रांजणघाटचं नगराध्यक्षपद अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव झालं आहे.

सतरा जणांत अनुसूचित जातीचे दोन. एक समोरच्या गटातला पुरुष आणि दुसरी तू. म्हणजे या पदासाठी अर्ज भरू शकेल असं अख्ख्या नगरपंचायतीत एकच माणूस आहे, आणि ते कोंडवाड्यात बसून बाह्या शिवतंय. बहुमत कुणाकडे का असेना, अध्यक्ष तूच होणार. अतुलनं खर्च करून नऊ माणसं लपवली आणि चिठ्ठीनं त्यातल्या आठांची किंमत शून्य केली. फार दिवसांनी मला पोटभर हसू आलं.

आता नीट वाच. आता तुला खोलीत बोलावतील. तुझ्यापुढे राजीनाम्याचा कागद ठेवतील. मजकूर तयार असेल, तारखेची जागा कोरी असेल. अध्यक्षानं राजीनामा दिला की कारभार उपाध्यक्षाकडे जातो, आणि दुसरी कुणी पात्रच नाही म्हटल्यावर त्याच्याकडेच राहतो. अतुल उपाध्यक्ष होईल आणि त्याला वाटेल त्या दिवशी तारीख घालील. तू सही केलीस की तुझी अध्यक्षकी त्याच्या खिशात गेली.

मुक्ताबाई तुला आठवणार नाही, तू लहान होतीस. गावची पहिली बाई सरपंच. कचेरीतल्या खुर्चीवर तिचा दीर बसायचा आणि मी सह्यांसाठी रजिस्टर घेऊन तिच्या घरी जायचो. पुढं कधीतरी तिनं टँकर नेमके कुणाच्या विहिरीवर जातात असं विचारलं. त्याच आठवड्यात तिच्या जुन्या कागदावर तारीख पडली. ती कचेरीत आली आणि म्हणाली, “कडुबा, म्या कवा दिला रं राजीनामा?” मी कागद दाखवला. ती सहीकडे बघत राहिली. म्हणाली, “सही तं माझीच हाय.” मग लासूर स्टेशनला लेकीकडे गेली ती परत आली नाही.

सही करू नकोस. या घराण्यात मूर्ख खूप झाले, पण विकलं कुणी गेलं नाही.

कडुबामामा


२७ जानेवारी

आदरणीय मामा,

सप्रेम जय भीम.

आपलं पत्र मिळालं. इथं सर्व कुशल आहे. अतुलभाऊ आम्हा सर्वांची घरच्यासारखी काळजी घेत आहेत. त्यांचं मार्गदर्शन मला वेळोवेळी मिळत आहे व ते सांगतील त्याप्रमाणे वागण्याचं मी ठरवलं आहे. आपण वडीलधारे आहात, परंतु आपला काळ वेगळा होता. आपण या वयात राजकारणाची चिंता करू नये व प्रकृतीस जपावं.

जेवण उत्तम आहे. पनीर मला फार आवडतं.

आपली,
रत्नमाला


५ फेब्रुवारी

श्रीमती नगराध्यक्षा यांस,

पेपरात फोटो पाहिला. गळ्यात हार तुझ्या आहे आणि हसतोय अतुल. खाली मोठ्या अक्षरात ‘बिनविरोध’ छापलंय. पुढच्या ओळी मी वाचल्या नाहीत. त्या फोटोनंतर वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं.

‘मार्गदर्शन’, ‘वेळोवेळी’, ‘वडीलधारे’. हे शब्द मी जन्मभर सभांच्या प्रोसिडिंगमध्ये लिहिले आहेत. कुणीतरी काहीतरी गिळलं की ते लिहावे लागतात, हे मला कुणी शिकवायला नको. तुझी मामी म्हणते, पोरीवर दबाव असेल. मी म्हणतो, दबाव सगळ्यांवरच असतो.

तू कागदावर सही केलीस हे मी धरून चाललो आहे. तो कागद तुला लखलाभ. आता फीत कापायची कात्री नीट धर, हार घालून घे, आणि तारीख पडेल तेव्हा आरडाओरडा करू नकोस. सत्काराच्या निमित्तानं संभाजीनगरला येणं झालं, तर माझ्या दारात येऊ नकोस.

कडुबा


९ फेब्रुवारी
रांजणघाट

मामा,

जय भीम. दारात येऊ नकोस म्हणालात, म्हणून पोस्टानं पाठवते.

तुम्ही फोटोखालच्या दोन ओळी वाचल्या असत्या तर पुढचं सगळं टळलं असतं. उपाध्यक्षपदी समोरच्या गटाच्या सायलीताई निवडून आल्या आहेत. बहुमत आमचं असून. ते कसं झालं ते सांगते.

तुमचं राजीनाम्याबद्दलचं पत्र प्रणयनं माझ्याआधी फोडलं आणि जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं वाचलं. मुक्ताबाईचा मजकूर आला तिथं दोघंतिघं हसले. भाऊ म्हणाले, “मामाला उत्तर लिव. म्या सांगतो तसं.” ते सांगत गेले, मी लिहीत गेले. त्यात पनीरचं वाक्य तेवढं माझं होतं. ते मला किती आवडतं हे तुम्हाला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. वाटलं, एवढे कागद वाचलेल्या माणसाला एवढं कळेल.

निघायच्या दिवशी सकाळी भाऊंनी मला खोलीत बोलावलं. कागद तयार होता, तुम्ही म्हणालात तसाच. मी म्हटलं, “भाऊ, सही करते, पण समद्यांसमोर करते. उद्या कुणी म्हनाया नको की बाईनं दिलाच नव्हता.” भाऊंना ते फार पटलं. त्यांनी सगळ्यांना हॉलमध्ये गोळा केलं, चहा मागवला.

मी पेन हातात घेतलं आणि विचारलं, “म्या राजीनामा दिला की कारभार उपाध्यक्षाकडं जानार. मंग उपाध्यक्ष कोन, ते सांगा भाऊ. कागद त्याच्याच हातात देते.”

भाऊ म्हणाले, “ते बघू की मागून.”

“मागून म्हंजे?” वासिफभाईंनी कप खाली ठेवला. “भाऊ, मेरेकू तो जबान दिये थे तुम.”

निशाताई म्हणाल्या, “अन् मला? माझ्या डोक्यावर हात ठिवून बोल्ले व्हते. व्हय का नाय भाऊ?” सत्यमही उभा राहिला होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

मला हे सगळं ठाऊक होतं. तिघांनीही वेगवेगळ्या दिवशी, कुणाला सांगू नको म्हणून, मला सांगितलेलं. भाऊंना ते पद स्वतःलाच हवं होतं, हे प्रणयच बढाया मारताना बोलून गेला होता. भाऊंनी सगळी काळजी घेतली मामा, गेटावर माणसं बसवली, पत्रं फोडली. फक्त मोबाईल काढून घ्यायला नको होते. मोबाईल असते तर जो तो मान खाली घालून बोटं फिरवत बसला असता. माझ्याजवळ येऊन कोण बोललं असतं?

मग जे भांडण लागलं ते लिहीत नाही. कागदावर चहा सांडला आणि दुसरा कागद काढायचं कुणाला सुचलं नाही. परत येताना गाडीत जो तो आपल्या बाजूच्या खिडकीबाहेर बघत होता. गयास एकटाच गाणं गुणगुणत होता. दुसऱ्या दिवशी मी अर्ज भरला. माझा एकटीचाच होता, त्यामुळे मत कुणाचं लागलंच नाही. उपाध्यक्षपदासाठी भाऊ उभे राहिले आणि ज्यांना त्यांनी शब्द दिला होता त्या तिघांनीच त्यांना पाडलं. फोटोत भाऊ हसताहेत, कारण कॅमेरा दिसला की ते हसतात.

सही मी केलेली नाही.

आता माझी परिस्थिती अशी आहे की आपले आठ माझ्यावर चिडले आहेत आणि समोरचे आठ मला आपली मानत नाहीत. मुख्याधिकारी मला ‘ताई’ म्हणतात आणि फाईल उद्या दाखवतो म्हणतात. तो उद्या अजून यायचाय. जमेल की नाही, खरंच माहीत नाही. भीती वाटते.

आणि तुमचं शेवटचं पत्र. ते वाचून मी रडले असेन असं मामीला वाटेल, तर तसं झालं नाही. मला तुमचा राग आला. इतकी वर्षं तुम्ही त्या खुर्चीच्या शेजारी बसलात आणि तिच्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला हसलात. बरोबरच हसलात. पण मुक्ताबाई कचेरीत आली तेव्हा तुम्ही कागद दाखवलात, आणि बस. तुमच्या हसण्यानं भाऊंसारख्यांचं काही बिघडत नाही. त्यांना हसणारी माणसं चालतात. त्यांना काहीतरी मागणारी माणसं चालत नाहीत.

माझ्या दारात तुम्ही कधीही या. मी तसं काही लिहिणार नाही.

रत्नमाला


१४ फेब्रुवारी

प्रति,
मा. नगराध्यक्षा,
नगरपंचायत, रांजणघाट

विषय : बंद घराची नळजोडणी पुन्हा सुरू करून मिळणेबाबत

महोदया,

अर्जदार कडुबा, सेवानिवृत्त मुख्य लिपिक, हल्ली मुक्काम क्रांती चौक, संभाजीनगर, विनंतीपूर्वक लिहितो की माझं शाळेमागच्या गल्लीतलं घर मी निवृत्त झाल्यापासून बंद आहे. नळ मी स्वतःच तोडायला लावला होता. या गावात पुन्हा पाणी प्यायची वेळ येऊ नये, असे उद्गार मी त्या वेळी काढल्याचं कचेरीतल्या जुन्या लोकांना आठवत असेल.

सदर घरात मी पत्नीसह कायमचा राहायला येत आहे. मुलाला सांगून झालं आहे. तो म्हणाला, “बाबा, तिथं काय हाय तुमचं?” त्याचा प्रश्न मला ऐकू आला नाही असं मी दाखवलं.

नोकरीत असे अर्ज मी गठ्ठ्यांनी घेतले. आवक नंबर टाकला, दोरी बांधली आणि कपाटावर ठेवले. स्वतः मात्र कधी लिहिला नाही, कारण अर्जाचं पुढं काय होतं ते मला माहीत होतं. आपल्या कचेरीकडे काही मागण्याची माझी ही पहिलीच वेळ आहे. मजकुरात चूक असल्यास सांभाळून घ्यावं.

अर्जदार आपला नातेवाईक असल्याची बाब विचारात घेऊ नये. रांगेत जो नंबर येईल तो द्यावा. मुदतीत काम झालं नाही तर मी सभेला येऊन विचारणार आहे, त्यानंतरच्या सभेलाही विचारणार आहे. मला कमी ऐकू येतं, त्यामुळे ‘उद्या या’ हे मला सांगून उपयोग होत नाही, याची मुख्याधिकाऱ्यांना कल्पना द्यावी. सभेत पुढची खुर्ची मिळावी.

गावात पाणी रोज येत नाही हे मला माहीत आहे. आलं त्या दिवशी भरून ठेवू. तुझ्या मामीनं भांडी बांधायला घेतली आहेत.

अर्जदार,
कडुबा